शांघायमधला पहिला दिवस : शाळा-कॉलेजच्या वयात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

शांघायला पहिल्यांदा येणारं प्रत्येक पोर घरून यादी घेऊनच निघतं. उंच टॉवर, चुंबकावर धावणारी गाडी, डिस्नेलँड, खाऊगल्ली. आणि पहिल्या दिवशी दुपारी तेच पोर हॉटेलच्या लॉबीत तोंड पाडून बसलेलं असतं. फोनला नेट नाही, बाबांचं कार्ड चालत नाही, व्हॉट्सॲप उघडत नाही आणि पोटात कावळे ओरडतायत.

माझे बाबा नोकरीनिमित्त शांघायला होते, त्यामुळे शाळेच्या सुट्ट्यांमध्ये माझं तिथे जाणं होत राहिलं. पुढे मामे-आते भावंडं यायला लागली तेव्हा त्यांना शहरात आणून सोडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. त्यांना दर वेळी जे सांगते तेच इथे लिहिते आहे. तू पंधरा-सोळा-सतरा वर्षांची किंवा वर्षांचा आहेस असं धरलंय, सोबत कोणीतरी मोठं माणूस आहे किंवा तिथे कोणी न्यायला येणार आहे असंही धरलंय. पहिल्या दिवशी शहर पाहायचं नसतं. कागद, फोन, पैसे आणि झोपायची जागा या चार गोष्टी मार्गी लावायच्या. त्या लागल्या की संध्याकाळ तुझी.

१. कागद (हे वाचताना आई-बाबांना शेजारी बसव)

भारतीय पासपोर्टवर चीनला जायला व्हिसा आधीच काढावा लागतो. इथे एक गफलत हमखास होते. अमेरिका किंवा इंग्लंडचा पासपोर्ट असलेला चुलतभाऊ सांगतो, "आम्ही तर व्हिसाशिवाय दहा दिवस राहिलो!" खरं आहे त्याचं. तिसऱ्या देशात जाता जाता २४० तास व्हिसाशिवाय राहायची सवलत ५५ देशांच्या नागरिकांना आहे, पण त्या यादीत भारत नाही.

हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नव्हे, हे ठेव:

- पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या, शेवटच्या आणि व्हिसाच्या पानाच्या दोन-दोन झेरॉक्स
- जन्मदाखल्याची इंग्रजी प्रत
- आई-बाबांपैकी एकच सोबत असेल, किंवा काका-मावशी असतील, तर न येणाऱ्या पालकाचं सही केलेलं संमतिपत्र आणि त्यांचा फोन नंबर
- परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग, कागदावर छापलेलं
- हॉटेलचं नाव-पत्ता चिनी अक्षरांत छापलेला. इंग्रजी पत्ता टॅक्सीवाल्याला दाखवून काही उपयोग नाही
- नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी

शेवटच्या पानाची झेरॉक्स कशाला? आपल्या पासपोर्टवर आई-वडिलांची नावं तिथे असतात. आईचं आडनाव वेगळं असलं की हॉटेलच्या काउंटरवर तेच पान कामी येतं.

आणि आंबे नेऊ नकोस. मे महिन्यात तिथल्या काकांसाठी हापूसची पेटी न्यायचा मोह सगळ्यांना होतो, पण ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं, मांस, अंडी चीनमध्ये न्यायला बंदी आहे. कस्टममध्ये पेटी काढून घेतात. चिवडा, चकली, भाकरवडी यांची पाकिटं चालतात, ती ने.

२. फोन आणि पैसे: सगळी तयारी भारतातच

चीनमध्ये गूगल, जीमेल, यूट्यूब, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम बंद आहेत. हे सगळ्यांना माहीत असतं. फारसं माहीत नसतं ते हे, की आपल्या भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं किंवा प्रवाशांसाठीचं परदेशी ई-सिम टाकलं, की साधारणपणे हे सगळं चालतं, कारण त्याचा डेटा तिथल्या नव्हे तर बाहेरच्या नेटवर्कमधून जातो. बंद पडतं ते हॉटेलच्या, विमानतळाच्या, कॅफेच्या वायफायवर. फोन आपणहून वायफाय पकडतो, व्हॉट्सॲप गप्प होतं आणि इकडे आजी देव पाण्यात घालून बसते. तेव्हा वायफाय बंद ठेव, मोबाइल डेटावर राहा.

प्ले स्टोअरसुद्धा तिथल्या वायफायवर उघडत नाही. म्हणून घरूनच हे करून ने:

- अलीपे आणि वीचॅट, म्हणजे फोनवरून पैसे द्यायची तिथली ॲप्स. वीचॅटचं नवं खातं उघडताना कधी कधी आधीपासून वापरणाऱ्या माणसाला कोड स्कॅन करावा लागतो, तेव्हा असा कोणी ओळखीचा शोधून ठेव
- नकाशासाठी एमॅप. आयफोन असेल तर ॲपलचे नकाशेही तिथे चांगले चालतात. गूगलच्या नकाशावर विसंबलास तर दुकान एका गल्लीत आणि तू दुसऱ्या गल्लीत
- भाषांतराचं ॲप, चिनी भाषा ऑफलाइन डाउनलोड करून. कॅमेऱ्याने पाटी वाचायची सोय आहे का ते बघ
- जीमेलमध्ये पडलेल्या सगळ्या बुकिंगचे स्क्रीनशॉट

आता पैसे. शांघायमध्ये भाजीवालीपासून मेट्रोपर्यंत सगळं अलीपे किंवा वीचॅटवर चालतं. २०२३ पासून परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड त्यांना जोडता येतं. पण खातं पासपोर्टवरच्या नावाने पडताळलं जातं आणि जोडायला स्वतःचं कार्ड हवं. तुझ्याकडे ते नसणार. म्हणून पैशाचा फोन मोठ्या माणसाचा, हे आधीच मान्य कर. जीपे-फोनपेवर भिस्त ठेवू नकोस.

आई-बाबांसाठी दोन गोष्टी. एक, आपल्या रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमाप्रमाणे नव्या कार्डावर परदेशातले व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा. दोन, ओटीपी भारतीय सिमवर येतो, तेव्हा ते सिम तिथे जिवंत पाहिजे. कार्ड जोडायचं काम मुंबई-पुण्यातल्या घरी, सोफ्यावर बसून करा. पुडोंग विमानतळावर रांगेत उभं राहून नको. परदेशी कार्डावर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्यापुढे ३ टक्के लागतो.

तरीही रोख ठेवायचीच. एक युआन म्हणजे साधारण बारा-तेरा रुपये. तुझ्या स्वतःच्या खिशात तीनशे-चारशे युआन असू देत, पाच-दहा-वीसच्या नोटांत. रोख घ्यायला नकार देणं तिथे कायद्याने चुकीचं आहे, पण शंभराची नोट पुढे केलीस तर सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार हात वर करतो. मोठ्या माणसाशी चुकामूक झाली तर ही रोखच तुला हॉटेलपर्यंत पोचवेल.

३. विमानतळावर उतरल्यावर

घड्याळ अडीच तास पुढे कर. अख्ख्या चीनमध्ये एकच वेळ आहे.

परदेशी पाहुण्यांना आगमनाचं कार्ड भरावं लागतं. नोव्हेंबर २०२५ पासून ते आधी ऑनलाइनही भरता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद कर. १४ ते ७० वयाच्या परदेशी लोकांचे बोटांचे ठसे घेतात, म्हणजे तुझेही. रांगेच्या आधी यंत्रं उभी असतात, त्यावर पासपोर्ट ठेवायचा, डाव्या हाताची बोटं, उजव्या हाताची बोटं, अंगठे. मेंदी ताजी असेल किंवा हात घामेजलेले असतील तर ठसा उमटत नाही. रुमालाने पुसून परत ठेव, घाबरायचं कारण नाही.

अधिकारी विचारतो ते साधंच: कोणाबरोबर, किती दिवस, कुठे राहणार. एवढंच सांग. फोटो काढू नकोस.

बाहेर पडताच "टॅक्सी? टॅक्सी?" करत कोणीतरी गोड बोलत अंगाशी येईल. त्याच्याकडे बघायचंही नाही. टॅक्सीची अधिकृत रांग वेगळी असते, तिथे पाटी असते, गाडीला मीटर असतो.

४. विमानतळावरून शहरात

पुडोंग विमानतळ शहराच्या मध्यापासून लांब आहे. मुख्य रस्ते तीन आहेत.

टॅक्सी: सामान भरपूर असेल, आजी-आजोबा सोबत असतील किंवा मध्यरात्री उतरलात तर हीच.

मेट्रोची दोन नंबरची लाइन: सगळ्यात स्वस्त, थेट शहराच्या मध्यातल्या पीपल्स स्क्वेअरपर्यंत जाते, पण तासाहून जास्त वेळ लागतो.

मॅग्लेव्ह, म्हणजे ती चुंबकावर धावणारी गाडी: तू हीच मागणार, आणि मीही एकदा हीच घ्या म्हणते. २००४ पासून चालू आहे, लोंगयांग रोड स्टेशनपर्यंतचं ३० किलोमीटर अंतर आठेक मिनिटांत कापते. पूर्वी ताशी ४३१ किलोमीटरने जायची, २०२१ पासून ३०० वर आणलीय. डब्यात दारावर वेगाचा आकडा दिसतो, सगळे फोन वर करून त्याचाच व्हिडिओ काढत असतात. मधेच समोरून दुसरी मॅग्लेव्ह गेली की फाडकन आवाज होऊन डबा हलतो. तिकीट ५० युआन, त्याच दिवसाचं विमानाचं तिकीट दाखवलं तर ४०. बोर्डिंग पास फेकून देऊ नकोस. लोंगयांग रोडला उतरून मेट्रो घ्यायची.

मेट्रोत शिरताना प्रत्येक स्टेशनवर बॅग एक्स-रे यंत्रातून जाते. पाण्याची बाटली हातात असेल तर कधी एक घोट पिऊन दाखवायला सांगतात. तिकिटाच्या यंत्रावर इंग्रजीचं बटण आहे: आधी लाइन, मग स्टेशन, मग किती माणसं. कार्ड बाहेर पडतं ते बाहेर निघताना गेटच्या फटीत परत टाकायचं असतं, तोवर जपून ठेव.

उतरण्याआधी कितव्या नंबरच्या दारातून बाहेर पडायचं ते नकाशात बघून ठेव. मोठ्या स्टेशनला डझनावारी दारं असतात. चुकीच्या दारातून वर आलात की आठ पदरी रस्त्याच्या पलीकडे निघता आणि बॅगा ओढत परत जिने उतरावे लागतात. चुकामूक झाली तर काय, हे घरच्यांशी आधी ठरव. आमचा नियम असा होता: गाडीत चढायचं राहिलेला माणूस तिथेच उभा राहणार, पुढे गेलेले पुढच्या स्टेशनवर उतरून मागे येणार. दोघांनीही शोधत फिरायचं नाही.

५. राहण्याची जागा

हॉटेलात पासपोर्ट स्कॅन होतो, अनामत रक्कम घेतात. तू अठराच्या आतली असशील तर आणखी चौकशी होते: सोबतचे कोण, नातं काय, पालकांचा नंबर काय. २०२१ पासून लागू झालेल्या तिथल्या अल्पवयीन संरक्षण कायद्याने हॉटेलांना हे विचारणं बंधनकारक आहे. रागवायचं नाही, जन्मदाखला आणि ते शेवटचं पान पुढे करायचं. मित्र-मैत्रिणींबरोबर एकटं राहायचा बेत असेल तर हॉटेलला आधी लेखी विचारल्याशिवाय बुकिंग करू नकोस.

नातेवाइकांच्या घरी उतरणार असशील तर हे नीट वाच. चीनमध्ये आल्यावर २४ तासांच्या आत परदेशी माणसाची राहण्याच्या जागेची नोंद पोलिसांकडे झाली पाहिजे. हॉटेल ती स्वतः करतं. घरी राहिलात तर तुम्हालाच करावी लागते, जवळच्या पोलीस चौकीत जाऊन किंवा शांघायमध्ये ऑनलाइनसुद्धा. तुझा पासपोर्ट, काकांचा पासपोर्ट आणि त्यांच्या घराचा भाडेकरार लागतो. "चारच तर दिवस आहेत, कोण बघतंय" असं म्हणणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. पुढे व्हिसा वाढवायची वेळ आली किंवा काकांचाच तिथे राहायचा परवाना नव्याने करायचा झाला की ही नोंद बघतात. पहिल्याच दिवशी करून टाका.

आणि पासपोर्ट खोलीत ठेवायचा की सोबत? सोळा पूर्ण झालेल्या परदेशी माणसाने तो जवळ बाळगायचा, असा कायदा आहे. सोळाच्या आत असशील तर मोठ्या माणसाकडे दे. हॉटेलचं नाव-पत्त्याचं कार्ड मात्र वय काहीही असो, तुझ्याच खिशात.

प्लगचं सांगायचं राहिलं. तिथले पॉइंट चपट्या पिनांचे असतात, आपली गोल पिन काही ठिकाणी बसते, काही ठिकाणी नाही. एक ॲडॉप्टर ने. पुढे विमानाने बीजिंग वगैरेला जाणार असाल तर पॉवर बँकेवर चीनचं ३सी हे सुरक्षिततेचं चिन्ह आहे का बघ. जून २०२५ पासून देशांतर्गत विमानात ते नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत.

६. जेवण

मांसाहारी असशील तर हा मुद्दा तुझ्यासाठी सणच आहे. हॉटेलजवळच्या कुठल्याही साध्या दुकानात श्याओलोंगपाओ मिळतील. बांबूच्या चपट्या टोपलीत, खाली घातलेल्या जाळीवर, मोदकासारख्या बारीक कळ्या पाडलेले. आत डुकराचं मांस आणि उकळता रस असतो. अख्खा तोंडात टाकलास तर टाळू भाजलीच. चॉपस्टिकने अलगद चमच्यात घे, कडेला दाताने छोटं भोक पाड, रस फुंकून पी, मग काळ्या व्हिनेगरात बुडवून खा. बीफ किंवा पोर्क खात नसशील तर लक्षात ठेव, नुसतं "मांस" म्हटलं की तिथे पोर्कच समजतात.

शाकाहाऱ्यांनी थोडं सावध राहायचं. तिथे भाजीची डिश म्हणजे भाजी *जास्त* असलेली डिश. परतलेल्या फरसबीवर खिम्याची भुरभुर असते, मापो तोफूतही खिमा असतो, नूडल्सचं पाणी हाडांचं असतं. "वो छ् सू", मी शाकाहारी आहे, एवढं म्हणून भागत नाही. चिनीत छापलेली चिठ्ठी ने: मांस नको, मासे नको, मांसाचं सूप नको, डुकराची चरबी नको, ऑयस्टर सॉस नको. अंडं चालत असेल तर तेही स्पष्ट लिही.

खात्रीने काय मागायचं? टोमॅटो-अंड्याची भाजी आणि भात, कुठेही मिळतो आणि घरच्यासारखा लागतो. ती-सान-श्यान, म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची तळून परतलेली. ही मी अजूनही पहिल्या दिवशी मागवते. सकाळी वाफवलेल्या पावांच्या टपरीवर मशरूम-पालेभाजीचं सारण भरलेले पाओ आणि गरम सोयाचं दूध. थोडं ऐसपैस खायचं असेल तर नानजिंग रोडच्या पश्चिम भागात कुंगतलिन आहे, १९२२ पासूनचं बौद्ध शाकाहारी हॉटेल. मांसासारखे दिसणारे पदार्थ असतात तिथे, दचकू नकोस, सगळं सोया आणि गव्हाचं. जैन मंडळींनी मात्र आलं-बटाट्याचं तिथेही विचारून घ्यावं.

मेनू बहुतेक ठिकाणी टेबलावरच्या क्यूआर कोडमध्ये असतो, चिनीत. मोठ्यांच्या फोनवर उघडून स्क्रीनशॉट काढ आणि भाषांतराच्या ॲपला दे. नळाचं पाणी प्यायचं नाही. गरम पाणी सगळीकडे फुकट मिळतं, तेव्हा स्टीलची बाटली ने. आणि खिशात कायम टिश्यूचं पाकीट. सार्वजनिक स्वच्छतागृहं स्वच्छ असतात, पण कागद असेलच असं नाही आणि जेट तर विसरच.

७. रस्ता ओलांडताना

वाहनं उजवीकडून चालतात, म्हणजे आधी डावीकडे बघायचं. आपली मान सवयीने उजवीकडे वळते. त्यात तिथल्या सगळ्या स्कूटर विजेवरच्या. मागून येते, आवाज नाही, हॉर्न नाही, कोपराला घासून पुढे निघून जाते, मागे डिलिव्हरीचा डबा. हेडफोन काढून ठेव. तुझा हिरवा माणूस लागलेला असतानाही उजवीकडे वळणाऱ्या गाड्या येतात.

८. संध्याकाळ: बंड

आता यादीतलं एक ठिकाण, एकच. टॉवरवर चढणं, यू गार्डन, संग्रहालय सगळं उद्या. पहिल्या संध्याकाळी नदीकाठच्या बंडवर जायचं, स्थानिक लोक त्याला वायतान म्हणतात. ईस्ट नानजिंग रोड स्टेशनला उतरून सरळ नदीच्या दिशेने चालत राहा.

तुझ्या एका हाताला १९२०च्या दशकातल्या दगडी इमारती, दुसऱ्या हाताला ह्वांगपू नदी आणि पलीकडे लूज्याझुई भागातले टॉवर. गुलाबी गोळ्यांचा तो ओरिएंटल पर्ल, १९९४चा, ४६८ मीटर. सगळ्यात उंच, पिळा घातल्यासारखा तो शांघाय टॉवर, ६३२ मीटर. सगळे नदीकडे तोंड करून सेल्फी काढतात. तू एकदा पाठ फिरवून मागे बघ. हिरव्या, टोकदार छपराची इमारत दिसेल. ती १९२९ची ससून हाउस, आजचं पीस हॉटेल, व्हिक्टर ससून यांनी बांधलेलं. पुण्याचं ससून रुग्णालय आणि मुंबईचा ससून डॉक ज्यांच्या नावाचे, त्याच घराण्यातले हे. भारतातून चीनला जाणाऱ्या कापसावर आणि अफूवर त्या घराण्याची श्रीमंती उभी राहिली. आपल्या ओपीडीच्या रांगेचा आणि या झगमगाटाचा पैसा एकाच गल्ल्यातला, हे तिथे उभं राहून आठवलं की जरा चमत्कारिक वाटतं.

दिवे अंधार पडल्यावर लागतात आणि रात्री दहाच्या सुमारास विझतात, म्हणून जेवण आधी उरकून घे. नदी ओलांडायची असेल तर महागड्या क्रूझच्या तिकिटाच्या भानगडीत पडू नका. बंडच्या दक्षिण टोकाकडून सार्वजनिक फेरी पलीकडे जाते, २ युआनमध्ये. दृश्य तेच, वारा तोच, सोबत घरी निघालेले लोक.

गर्दीचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. ३१ डिसेंबर २०१४च्या रात्री इथे चेंगराचेंगरीत ३६ माणसं गेली. तेव्हापासून बंदोबस्त कडक आहे. मोठ्या सुट्टीच्या संध्याकाळी कधी कधी ईस्ट नानजिंग रोडला मेट्रो थांबतच नाही, चालत जायची तयारी ठेव. १ ते ५ मे आणि १ ते ७ ऑक्टोबर अख्खा चीन फिरायला निघतो, आणि आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी मेच्या सुरुवातीलाच लागते. जमलं तर तिकीट आठवडाभर पुढे ढकला.

९. गोड बोलणारे

नानजिंग रोड आणि पीपल्स स्क्वेअरच्या आसपास तुझ्याच वयाची वाटणारी दोघं-तिघं छान इंग्रजीत बोलायला येतील. आमचा फोटो काढशील? कुठून आलात? इंडिया! आमिर खान! मग म्हणतील, आम्ही पारंपरिक चहाच्या कार्यक्रमाला चाललोय, चला ना. आतल्या खोलीत बोटभर कपांतून चार-पाच चहा चाखवतात आणि हजारो युआनचं बिल पुढे येतं. हा सापळा जुना आहे, तरी चालतो, कारण मुलं खरंच गोड असतात. गप्पा मार, फोटो काढून दे, पण त्यांच्यासोबत कुठेही जायचं नाही. सगळे असेच नसतात. मेट्रोत रस्ता दाखवायला स्वतःचं स्टेशन सोडून आलेली माणसं मी पाहिलीत. फरक इतकाच, की मदत करणारा माणूस तुला दुकानात नेत नाही.

१०. झोपण्याआधी

फोन आणि पॉवर बँक चार्जिंगला. पासपोर्ट जागेवर आहे ना, बघ. घरी राहत असाल तर पोलीस नोंदणीची पावती काकांना विचार. ती मिळेपर्यंत पिच्छा सोडू नकोस. उद्या शांघाय म्युझियम बघायचं असेल तर प्रवेश फुकट आहे, पण आधी आरक्षण लागतं का आणि आठवड्यातून कोणत्या दिवशी ते बंद असतं, ते आत्ताच पाहून घे. फोनमध्ये तीन नंबर टाक: पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०, अग्निशमन ११९. भारताचं वाणिज्य दूतावास शांघायमध्ये आहे, त्यांचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावरून घेऊन कागदावर लिही आणि हॉटेलच्या कार्डामागे चिकटव. बाकी यादी उद्या सकाळी नाश्त्याला काढ.